डिस्क वाचत नाही, ड्राइव्ह नुसता गुरगुरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे लॅपटॉप आता ड्राइव्हशिवायच येतात, पण कपाटात लग्नाची डीव्हीडी, मुंजीची व्हीसीडी, आईच्या एमआरआयची सीडी पडलेली असतेच. ती पाहायची वेळ येते तेव्हा जुना ड्राइव्ह धूळ झटकून पुढे आणला जातो आणि नेमका तेव्हाच रुसतो. खालचे प्रश्न लोक दुरुस्तीच्या टेबलासमोर उभे राहून ज्या भाषेत विचारतात, साधारण त्याच भाषेत ठेवले आहेत. फुकटचे उपाय आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

सीडी टाकली तरी 'डिस्क टाका' असंच म्हणतो. ड्राइव्ह गेला का?

एका डिस्कवरून ठरवू नका. चार डिस्क जमवा: कंपनीची छापील ऑडिओ सीडी (जुन्या कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेली सीडीही चालेल), घरी बर्न केलेली सीडी, सिनेमाची छापील डीव्हीडी आणि बर्न केलेली डीव्हीडी. एकेक घालून पाहा. निम्मं निदान इथेच होतं.

एकच डिस्क अडली आणि बाकी तिन्ही चालल्या, तर दोष त्या डिस्कचा. सीडी चालतात पण डीव्हीडी एकही नाही (किंवा उलट), तर ड्राइव्हचा एक लेझर थकलाय. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल, असे दोन वेगळे लेझर असतात. एक मेला तरी दुसरा इमानेइतबारे काम करतो, आणि म्हणूनच 'सीडी तर लागते हो, मग ड्राइव्ह कसा बिघडेल?' हा वाद घरोघरी होतो. छापील डिस्क चालतात आणि बर्न केलेल्या अडतात, तर लेन्सवर धूळ असण्याची शक्यता मोठी. बर्न केलेल्या डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, त्या वाचताना ड्राइव्हच्या हाताशी फारशी मोकळीक नसते. चारपैकी एकही चालत नसेल तर लेन्स, केबल किंवा विंडोज, या क्रमाने संशय घ्या.

या सगळ्यात कानांचा उपयोग करा. डिस्क जोरात फिरते, थांबते, पुन्हा फिरते: लेझरला फोकस सापडत नाहीये. फिरतच नाही, नुसती 'टिक टिक': मोटरला पुरेशी वीज नाही किंवा डिस्क नीट बसलेली नाही. काहीच आवाज नाही, दिवाही नाही: आधी वीजपुरवठा पाहा.

आणि हो, ती डिस्क ब्लू-रे तर नाही ना? ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा जांभळट लेझर लागतो. साध्या डीव्हीडी ड्राइव्हला ती जन्मात दिसणार नाही.

डिस्क पुसायची कशी? शर्टाला घासली तर चालते?

शर्टाला नको. मऊ, स्वच्छ सुती कापड किंवा चष्मा पुसायचं फडकं घ्या आणि मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. कारण असं की डिस्कवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक सर्पिल रेषेत असते. सीडीतली चूकदुरुस्ती सलग सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा हरवला तरी तो हिशेबाने भरून काढते. आडवा चरा त्या रेषेला पटकन ओलांडून जातो, त्यामुळे नुकसान अंगावर येत नाही. पण गोल फिरवून पुसताना पडलेला चरा रेषेच्या बाजूनेच धावतो आणि सलग मोठा पट्टा खाऊन टाकतो.

तेलकट बोटांचे ठसे असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपासून लांब राहा, डिस्कचं प्लॅस्टिक धुरकट होतं.

लोकांना सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे सीडीची नाजूक बाजू चकचकीत बाजू नव्हे, लेबलाची. १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडीत माहितीचा थर लेबलाच्या लगेच खाली, पातळ लॅकरच्या (संरक्षक लेपाच्या) आड असतो. चकचकीत बाजूचा चरा म्हणजे खिडकीच्या काचेवरचा ओरखडा. लेबलाच्या बाजूचा चरा म्हणजे खुद्द पानच फाटलं. सीडी उजेडासमोर धरा. लेबलाच्या चऱ्यातून उजेड आरपार दिसला तर तिथली माहिती कायमची गेली, कितीही पुसा. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती या बाबतीत बरी.

टूथपेस्टने चरे जातात म्हणे?

चकचकीत बाजूचे उथळ चरे कधीकधी बुजतात, कारण टूथपेस्ट बारीक घासणी आहे. दुसरा काहीच मार्ग उरला नसेल तरच करा, तेही पांढऱ्या साध्या पेस्टने, जेलने नाही. ब्लू-रेवर मात्र कधीही नको. तिथे माहितीवरचं आवरण फक्त ०.१ मिलिमीटरचं आहे.

पावसाळ्यानंतर सीडीवर पांढरट जाळं आलंय. ही बुरशी का?

बहुतेक तीच. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या तळमजल्यावरच्या घरांत हा दरवर्षीचा प्रकार. वर सांगितल्याप्रमाणे धुतल्यावर निघाली तर ती वरवरची होती. धुऊनही फांद्यांसारखी नक्षी आतल्या बाजूला राहिली, तर बुरशी कडेवरून आत शिरून थर खात बसली आहे. ही अतिशयोक्ती नव्हे: २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातली एक सीडी अशीच बुरशीने पोखरलेली सापडली आणि तिची जगभर चर्चा झाली. आत शिरलेल्या बुरशीला औषध नाही. पुसणं-घासणं थांबवा आणि जेवढी वाचते तेवढी आजच कॉपी करा.

भर पावसात एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या ड्राइव्हच्या लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हाही डिस्क वाचली जात नाही. तासाभराने पुन्हा लावून पाहा. हे एवढं साधं कारण असूनही कित्येक ड्राइव्ह यापायी भंगारात गेले असतील.

सीडीला मधल्या भोकापाशी बारीक चीर आहे. चालवून पाहू का?

नका. ५२एक्स ड्राइव्ह (म्हणजे साध्या सीडी प्लेअरच्या ५२ पट वेगाचा) पूर्ण वेगात असताना डिस्क मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. चिरलेली सीडी त्या वेगात फुटते आणि ड्राइव्हच्या आत तिचा चुरा होतो, डिस्कही जाते आणि ड्राइव्हही. फारच मोलाची असेल तर ज्यांच्याकडे ड्राइव्हचा वेग सॉफ्टवेअरने अगदी कमी करायची सोय आहे त्यांच्याकडे न्या.

लेन्स घरच्या घरी साफ करता येते?

लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये अगदी सहज, कारण ट्रे बाहेर ओढला की लेन्स समोरच दिसते: हरभऱ्याच्या डाळीएवढा निळसर डोळा. कॉम्प्युटर बंद करण्याआधी ट्रे उघडा, मग वीज काढा. कॅमेऱ्याचा हातपंप असेल तर आधी नुसती हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. मग कापसाच्या बडला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलं होईल इतकं लावा आणि लेन्सवरून एकदा हलकेच फिरवा. दाबायचं नाही. लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तरंगती असते, एक तार वाकली की खेळ संपला. दोन मिनिटं वाळू द्या.

डेस्कटॉपच्या ड्राइव्हचं वरचं झाकण चार स्क्रू काढून उघडावं लागतं. झाकण उघडं ठेवून वीज कधीच चालू करू नका. सीडीचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

बाजारात ब्रशवाली क्लीनिंग सीडी मिळते. सुक्या धुळीला ठीक. पण कॉम्प्युटर देवघराशेजारी किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी असेल, तर उदबत्ती आणि फोडणीच्या धुराचा चिकट थर लेन्सवर बसतो. त्यावर कोरडा ब्रश फिरवणं म्हणजे तेलकट कढई झाडूने झाडणं.

'लेझरची पॉवर वाढवून देतो' म्हणत आतला बारीक स्क्रू फिरवणारे कारागीर भेटतात. त्याने थकलेला लेझर काही दिवस पळतो आणि मग लवकर मरतो. एकुलती एक डिस्क वाचून घ्यायची असेल तर या उपायाला अर्थ आहे. दुरुस्ती म्हणून नाही.

लॅपटॉपचा किंवा बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह अजिबात डिस्क घेत नाही.

पातळ ड्राइव्हमध्ये डिस्क नुसती ठेवून भागत नाही, मधल्या खुंटीवर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवावी लागते. डेस्कटॉपची सवय असलेल्यांचं इथे हमखास चुकतं. दाबताना दुसऱ्या हाताने ट्रेला खालून आधार द्या.

बाहेरच्या ड्राइव्हचं दुखणं बहुधा विजेचं असतं. यूएसबी २ पोर्ट ठरावाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्हला त्याहून जास्त झटका लागू शकतो; म्हणून काही ड्राइव्हबरोबर दोन शेपट्यांची केबल येते. तिची दुसरी शेपटी शोभेची नाही, तीही लावा. डेस्कटॉपला जोडायचा असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडा. स्वस्तातला यूएसबी हब मधे घालू नका.

माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच दिसत नाही!

आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) बघा. तिथेही नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही. साटा केबल (ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी) आणि वीज केबल काढून पुन्हा घट्ट लावा, साटा केबल बदलून पाहा. फार जुन्या मशीनमध्ये चपटी आयडीई केबल असेल तर ड्राइव्हमागचा मास्टर-स्लेव्हचा जंपर (मुख्य कोण, दुय्यम कोण हे ठरवणारी छोटी टोपी) तपासा. एकाच केबलवर दोघं मास्टर झाले की घरातल्यासारखंच होतं, दोघांपैकी कुणाचंच चालत नाही.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तर डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) उघडा. ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, विंडोज तो आपोआप पुन्हा बसवतं. तरीही त्रिकोण कायम आणि गुणधर्मांत कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसत असेल, तर ते जुनं, नावाजलेलं दुखणं आहे: एखादं बर्निंग किंवा गाण्यांचं सॉफ्टवेअर काढून टाकताना रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी मागे राहतात. विंडोज त्या गेलेल्या सॉफ्टवेअरला हाका मारत बसतं आणि ड्राइव्ह अडकतो.

रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) उघडा, लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास अशा वाटेने जा आणि ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी कळ (की, म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर) शोधा. उजवीकडे 'क्लास' या नोंदीसमोर 'सीडीरॉम' लिहिलेलं असेल तरच योग्य जागी आलात. आधी ती कळ एक्स्पोर्ट करून ठेवा, मग फक्त त्या दोन नोंदी काढा, रीस्टार्ट करा. शेजारच्या कळांतही याच नावाच्या नोंदी असतात, त्या हार्ड डिस्कच्या वगैरे असतात. तिथे हात लावलात तर विंडोज सुरूच होणार नाही. हात थरथरत असेल तर जाणत्याला बोलवा, यात कमीपणा नाही.

दोष विंडोजचा की ड्राइव्हचा हे कळत नसेल तर लिनक्सची (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची) लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरवर काही न बसवता चालणारी, बनवून तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. तिथे डिस्क उघडली तर ड्राइव्ह धडधाकट आहे आणि भांडण विंडोजशी आहे.

डीव्हीडीतल्या फाइली दिसतात, सिनेमा मात्र लागत नाही.

मग ड्राइव्हला दोष देऊ नका, त्याने त्याचं काम केलं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय विंडोजमधून काढली. व्हीएलसी हा फुकट प्लेअर टाका, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

अमेरिकेहून भाचीने आणलेली डीव्हीडी अडत असेल तर रीजन पाहा, म्हणजे ती डिस्क जगाच्या कोणत्या विभागासाठी काढली आहे तो क्रमांक. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये. ड्राइव्हचा रीजन डिव्हाइस मॅनेजरमधून बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या खेपेला जो असेल तोच कायमचा. त्यामुळे 'बघू या बदलून' म्हणत खेळू नका. हे बंधन सिनेमाच्या डिस्कला आहे, फोटो किंवा कागदपत्रांच्या डिस्कला नाही.

भावगीतांची सीडी पेन ड्राइव्हवर कॉपी केली. सगळी गाणी दोन सेकंदांत आली, पण वाजत एकही नाही.

तुम्ही गाणी नाही, गाण्यांची अनुक्रमणिका कॉपी केलीत. ऑडिओ सीडीवर विंडोज दाखवतं त्या सीडीए फाइली प्रत्येकी ४४ बाइटच्या असतात, त्यात गाणं कुठे सुरू होतं एवढंच. गाणी 'रिप' करावी लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरने वाचून त्यांच्या खऱ्या फाइली बनवाव्या लागतात. चरे पडलेल्या सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं: एकच जागा पुन्हा पुन्हा वाचून ताळा घेतं. वेळ लागतो, लागू द्या.

एमआरआय सेंटरने दिलेली सीडी डॉक्टरांकडे उघडलीच नाही. परत तपासणी करायची का?

थांबा, तो खर्च बहुधा टळेल. ही सीडी अनेकदा वाचली जाते, पण आतली चित्रं साध्या फोटोंसारखी नसतात. ती डायकॉम नावाच्या स्वरूपात असतात, फाइलींच्या नावापुढे जेपीजीसारखं काही नसतं, म्हणून दोनदा क्लिक केल्यावर विंडोज बुचकळ्यात पडतं. सीडीबरोबर एक छोटा व्ह्यूअर (ती चित्रं दाखवणारा प्रोग्राम) येतो. तो आपोआप सुरू होत नसेल तर फोल्डरमध्ये शोधून हाताने चालवा. अँटिव्हायरस त्याला अडवतो असंही होतं. नाहीच चालला तर मायक्रोडायकॉम किंवा वीझिस टाका, मॅकवर होरोस, आणि त्यातून 'डायकॉमडिर' नावाची फाइल उघडा.

डॉक्टरांना भेटायच्या आदल्या दिवशी अख्खी सीडी, एकही फोल्डर न वगळता आणि नावं न बदलता, पेन ड्राइव्हवर घ्या. आजकाल दवाखान्यातल्या कॉम्प्युटरलाही ड्राइव्ह असेलच असं नाही. सीडी खरंच वाचली जात नसेल तर सेंटरला फोन करा. त्यांच्याकडे ती चित्रं काही काळ साठवलेली असतात, दुसरी सीडी करून मिळू शकते. उशीर मात्र करू नका.

मी बर्न केलेली सीडी माझ्याकडे चालते, भावाकडे कोरी दिसते.

बर्न करून झाल्यावर सीडी बंद ('क्लोज') केलेली नाही. विंडोजमध्ये बर्न करताना 'यूएसबी पेन ड्राइव्हसारखी वापरा' आणि 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी' असे दोन पर्याय येतात. पहिला सोयीचा वाटतो, पण तो जुन्या मशीनना आणि टीव्हीखालच्या प्लेअरना कळत नाही. दुसऱ्याला द्यायची डिस्क नेहमी दुसऱ्या पर्यायाने करा. झालेली चूक सुधारायची तर तुमच्याच कॉम्प्युटरवर ती डिस्क उघडून 'क्लोज सेशन' करा.

जुना गेम 'मूळ सीडी घाला' म्हणतो. सीडी आतच आहे!

२००० च्या दशकातल्या पुष्कळ गेममध्ये सेफडिस्क हे नक्कलविरोधी कुलूप होतं. विंडोज १० ते चालवतच नाही. ना सीडीचा दोष, ना ड्राइव्हचा.

ट्रे बाहेर येत नाही, डिस्क आत अडकलीय.

पुढच्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे. कॉम्प्युटर बंद करा, कागदाची क्लिप सरळ करून भोकात सरळ ढकला, ट्रे थोडा पुढे येतो, मग हाताने ओढा. हे दर वेळी करावं लागत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. तोच पट्टा काढून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून पुसून पुन्हा बसवला तर काही महिने चालतो. माझ्या टेबलावर असा एक ड्राइव्ह दोन पावसाळे पाहून गेला.

लग्नाची डिस्क कॉपी करताना मधेच 'सायक्लिक रिडंडन्सी' असं काहीतरी येऊन थांबतं.

तेवढा तुकडा वाचता आला नाही, म्हणून विंडोजने अख्खी फाइल सोडून दिली. पुन्हा पुन्हा कॉपीचं बटण दाबण्यात अर्थ नाही.

आधी तीच डिस्क दुसऱ्या, तिसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. शेजाऱ्याकडून मागून आणा. डेटा सीडी किंवा डीव्हीडी असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा: ते सोपे भाग आधी उचलतं, अवघड जागांकडे नंतर वळतं आणि काय राहिलं याची नोंद ठेवतं. त्यामुळे एका ड्राइव्हवर राहिलेले तुकडे दुसऱ्या ड्राइव्हवर त्याच प्रतीत भरता येतात.

व्हीसीडीचं प्रकरण वेगळं. सीडी सातशे एमबीची, त्यात तासाभराचं लग्न बसवायचं, म्हणून व्हिडिओच्या भागातून चूकदुरुस्तीचा एक जादा थर वगळलेला असतो. चित्रात क्षणभर चौकोन आले तरी प्लेअर पुढे जातो, फाइल कॉपी करणारं विंडोज मात्र हटून बसतं. इथे डीडीरेस्क्यू नको, आयसोबस्टरसारखं व्हीसीडी जाणणारं सॉफ्टवेअर घ्या. अक्षता पडतानाचे चार सेकंद जातील, बाकीचं लग्न वाचेल.

दुरुस्ती करू की नवा घेऊ?

लेन्स पुसून, केबल बदलून, पट्टा उकळून झालं आणि तरी चालत नाही, तर नवा यूएसबी ड्राइव्ह घ्या. लेझर बदलायची मजुरी नव्या ड्राइव्हच्या किमतीला टेकते. डिस्क मात्र नव्या मिळत नाहीत, म्हणून अडणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्याच डिस्कवर तासन्‌तास प्रयोग करत बसू नका.

सगळं कॉपी झालं. मूळ सीडी फेकू?

राहू द्या. उद्या एखाद्या चांगल्या ड्राइव्हवर राहिलेला तुकडाही वाचला जाईल. वर चिकटवलेला कागदी स्टिकर सुटत असला तरी ओढून काढू नका, लॅकर त्याच्याबरोबर निघून येतो. नाव टाकायचं तर बॉलपेनने नाही, मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा, आणि डिस्क उन्हात न येणाऱ्या कप्प्यात, डबीत उभी ठेवा.